यंदाबी चहाच

आमच्या सासऱ्यांच्या घराला पत्र्याची दारं होती. तशी ती पुष्कळांच्या घराला असतात. पण ज्याची नांदेडात लाकडाची वखार आहे, ज्याने ऐन उमेदीत किनवटकडच्या डोंगरांतला साग ट्रकच्या ट्रक खाली आणला, त्या माणसाच्या घराला चौकटीसकट लोखंडी दारं असावीत, हे काही मुलगी बघायला गेलेल्या आम्हा मंडळींना झेपलं नाही. वडिलांनी दार लोटलं आणि असा खणखणाट झाला की मागून येणारी आत्या दचकून पायरीवरच बसली. आत लोखंडी खुर्च्या, लोखंडी पलंग, लोखंडी टेबल. वडील माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वखार यांचीच हाय न? का नोकरीला हायेत तिथं?"

ते यजमानांनी ऐकलं. म्हणाले, "वखार माझीच हाय, पाहुणे. पन सागाच्या दाराआड मला झोप लागत न्हाई." आणि चहाचं सांगायला आत निघून गेले. वडिलांना वाटलं, काहीतरी वास्तुशास्त्र असेल. परतताना एसटीत त्यांनी निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. बाप जरा सटकेल हाय. पन बाप काय आपल्या घरी नांदायला यायचा न्हाई."

बाप आला. वर्षातून चार-चारदा आला. सासू लवकर गेल्या होत्या आणि लेकीवर त्यांचा जीव होता. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, तेव्हा इथून पुढं मीही मामाच म्हणतो. मामा आमच्या अहमदपूरच्या स्टँडवर उतरायचे तेव्हा एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात फिरकीचा पितळी तांब्या, गळ्यापर्यंत भरलेला. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला बाहेरचं पाणी चालत नसेल. मग एका सकाळी शेजारचे निवृत्त हेडमास्तर फाटकाशी उभे राहिले. अंगात बनियन, हातात काठी. म्हणाले, "सर, तुमचे सासरे आमचा कचरा विझवून गेले."

हेडमास्तरांनी अंगणातल्या बदामाचा पाला गोळा करून पेटवला होता. मामा फिरायला निघाले, फिरकी उघडली, तांब्या ओतला, फिरकी लावली आणि पुढं गेले. हेडमास्तरांनी पुन्हा काडी लावली. परतताना मामांनी पुन्हा ओतला. आता या माणसाने जन्मभर पोरांना शिस्त लावलेली. त्यांचा झालेला अपमान मला कळत होता. मी हात जोडले, वयाचं कारण सांगितलं. आत येऊन बायकोला म्हणालो, "तुझे वडील मला गल्लीत राहू देणार नाहीत." ती म्हणाली, "मग तुम्ही सांगा त्यांना." मी सांगितलं नाही. माझी सगळी बहादुरी माइकसमोरची. मी शाळेत मराठी शिकवतो आणि बारशापासून निरोप समारंभापर्यंत, कुठेही सूत्रसंचालन असलं की माइक माझ्या हातात असतो. माइक नसला की मी काहीच नसतो.

हे एकदा एसटीत चांगलंच सिद्ध झालं. मामांना सोडायला मी नांदेडला निघालो होतो. उन्हाळ्याचे दिवस, एका शेताचा बांध पेटवलेला. मामा उठून वाहकाकडे गेले. "बेल मारा."

"आजोबा, स्टॉप न्हाई इथं."

"लघवीला जायचंय."

बस थांबली. मामा उतरले आणि तांब्या घेऊन थेट बांधाकडे चालू लागले. सगळी बस खिडक्यांना चिकटली. तो बांध दूरवर जळत गेलेला आणि मामांनी तांब्या ओतून विझवला वीतभर. शेतकरी काठी घेऊन कडेला उभा होता. बस बंद असल्याने सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"काय करून राहिले बाबा?"

"इझवून राहिलो."

"म्याच पेटवलंय ते."

"मालूम हाय."

माझ्या शेजारच्याने मला विचारलं, "तुमच्यासंगं हायेत का ते?" मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "नाही बुवा. नांदेडला चाललेत वाटतं." मामा चढले, माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "जावईबापू, जरा सरका." तो शेजारचा लोह्यापर्यंत माझ्याकडे बघत होता.

लग्नकार्यात तर त्यांना सांभाळायला एक माणूस लागायचा, आणि तो माणूस बहुधा जावई असायचा. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी दाराची चौकट. बोटाच्या पेराने टकटक वाजवायची, नाक लावून हुंगायची, आणि मग खाली मान घालून म्हणायचं, "ही आपल्याकडचीच." घरमालकाला वाटायचं, पाहुण्याने लाकडाची तारीफ केली. तो खूश होऊन म्हणायचा, "अस्सल किनवटचा माल हाय." मामा म्हणायचे, "हाव. म्हनूनच."

या सगळ्यामागचं कारण त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. कोणीही विचारलं, न विचारलं, तरी सांगायचे. अडचण एवढीच की कोणी मनावर घेत नव्हतं.

किनवटच्या पुढं एका गावाच्या डोक्यावर डोंगराचा उतार होता, मालकीच्या रानाचा. साग, धावडा, तेंदू, खाली बांबू. मामांनी तरुणपणी त्याचा कूप घेतला, म्हणजे तोडणीचा ठेका. खोडं ट्रकमध्ये गेली आणि मागे राहिला फांद्या-पाल्याचा गुडघाभर थर. मालक म्हणाला, रान साफ करून द्या. मामा हे सांगताना नेहमी एकच वाक्य म्हणायचे, "फांद्या खाली न्यायला गाडी लागती, जावईबापू. काडी फुकट हाय." त्यांनी ढीग लावले आणि सगळा उतार पेटवून दिला. पुष्कळ दिवस धुमसत होता म्हणे. खुंट वरून विझल्यासारखा दिसतो, पण आग मुळांतून चालते आणि भलतीकडेच धूर काढते.

उताराच्या पायथ्याशी गावाचा झिरा होता. ओढ्याच्या काठाला खडकातून पाझरणारं पाणी, दगडांनी बांधून घेतलेलं. पाऊस लागेपर्यंत तो आटत नसे. त्या पावसाळ्यात राख आणि वरची माती खिरीसारखी वाहत आली आणि झिऱ्यात बसली. गावाने उपसली. पुढच्या वर्षी संक्रांतीलाच झिरा कोरडा पडला. त्यानंतर दर वर्षी संक्रांतीलाच. गावातल्या बाया पलीकडच्या खोऱ्यातून पाणी आणू लागल्या.

"लाकूड तोडलं त्याचं मला काही वाटत न्हाई," मामा म्हणायचे. "लोकायला दारं पाहिजे होती, दिली. खुंटाला फूट येती. पन पाला जाळला, त्याच्यासंगं माती भाजली. भाजल्या मातीला काय फुटतं?"

उतार नापीक झाला तेव्हा मालकाने तो मातीमोल भावात विकायला काढला आणि मामांनी घेतला. घेऊन काय केलं? काही नाही. पेरलं नाही, नांगरलं नाही, झाड लावलं नाही, कोणाला काडी लावू दिली नाही. नुसता पडू दिला. आमच्या मेव्हण्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, याची फार लाज वाटे. तो प्लॉटिंगच्या धंद्यात. जमिनीचा तुकडा मोकळा पडलेला पाहिला की त्याच्या पोटात दुखे. म्हणायचा, "दाजी, लोकं विचारून राहिलेत, तुझ्या बापाला कोणी करणी केली का?"

संक्रांतीला मामा त्या गावी जायचे. सगळा महाराष्ट्र ज्या दिवशी एकमेकांना गोड बोला म्हणतो, त्या दिवशी हा माणूस शिव्या खायला जायचा. शब्दशः. त्यांची इच्छा एवढीच होती की गावातल्या कोणीतरी एकदा त्यांना उभंआडवं झापावं. लग्नानंतर एका संक्रांतीला मीही सोबत गेलो, बायकोच्या आग्रहाने. झिऱ्यापाशी एक थोराड म्हातारी बसली होती. मामा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आज्जे, ओळखलं का? मी कूपवाला. तुमचं पाणी मी जाळलं."

म्हातारीने डोळ्यांवर हात धरला. "आगं बाई, शेठ हाय का! आवं या की, उन्हात काहून उभे?" आणि मागे वळून ओरडली, "सूनबाई, शेठ आलेत, चहा ठेव."

"चहा नको. मी काय म्हनलो ते ऐकलं का?"

"ऐकलं की. दरसाल तेच म्हनता. जाऊ द्या आता. तवा आमीच त पेटवलं, तुम्ही काय हातानं काडी लावली का? माह्या मालकाला मजुरी भेटली. लुगडं घेतलं व्हतं म्या त्याच्यात." ती हसली. "हिरवं व्हतं."

मामांचा चेहरा पडला. चहा आला. तिळगूळ आला. दोघं-चौघं जमले, कोणी विचारलं, शेठ, यंदा कूप हाय का कुठं, पोरं रिकामी हायेत. मामांनी खाली मान घालून बशीत चहा ओतला. परतताना ते मला वर उतारावर घेऊन गेले. ढीग जाळले होते त्या जागा अजून ओळखू येत होत्या. तव्यासारखे गोल, विटकरी रंगाचे डाग, कडेने काटेरी झुडपं, मध्ये काही नाही. मामांनी तांब्यातलं पाणी एका डागावर ओतलं. पाणी मुरलं नाही. अळूच्या पानावर थेंब पळावेत तसं गोळ्या-गोळ्या होऊन उतारावरून घरंगळत गेलं. मी म्हणालो, "गंमतच आहे." त्यांनी फिरकी लावली. घरी आलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "काय म्हणाले गावातले?"

"यंदाबी चहाच," मामा म्हणाले आणि आंघोळीला गेले.

हे वाक्य मग आमच्या घरात रूढ झालं. माझी बदली अडली, यंदाबी चहाच. मुलाचा नंबर हुकला, यंदाबी चहाच. आम्ही हसायचो. मामाही हसायचे, कारण त्यांना हसणं जमत होतं.

पण उतार हलला होता. आधी गवत आलं, मग घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या, मग त्या जाळ्यांच्या आडोशाने पळस, धावडा, आणि जुन्या खुंटांना सागाची फूट. डागांच्या कडा आत सरकू लागल्या. झिरा एका वर्षी संक्रांत ओलांडून गेला. मग होळीपर्यंत टिकला. आणि एक वर्ष असं आलं की गुढीपाडव्याला मामा अचानक अहमदपूरला आले, हातात पेढ्यांचा पुडा. "आज सकाळी बघून आलो. हाय पानी. घोटाभर हाय." तो पुडा त्यांनी हेडमास्तरांकडेही नेऊन दिला. हेडमास्तर मला म्हणाले, "कसले पेढे आहेत ते विचारलं नाही. घाबरलो."

त्याच वर्षी मामांना पंचाहत्तरावं लागणार होतं, मृगाच्या आधी. मेव्हण्याला त्या वर्षी नगरसेवक व्हायचं होतं. या दोन गोष्टी जुळून आल्या आणि अमृतमहोत्सव ठरला. मेव्हण्याने एका मंडळाकडून वृक्षमित्र पुरस्कारही मिळवला. कार्यक्रम उतारावरच घ्यायचा, अध्यक्षांच्या हस्ते पंचाहत्तर रोपं लावायची. अध्यक्ष कशाचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मानपत्र आणि माइक अर्थातच माझ्याकडे.

तीन दिवस आधी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, रान लई माजलंय. मंडप टाकायला जागा न्हाई, पाहुण्यायनं पाय कुठं ठेवायचा? रोपं कुठं लावायची?"

"मग साफ करून घे की."

"तोडून घेतलंय. ढीग पडलेत. पेटवू का?"

मी त्या वेळी मानपत्रातल्या एका शब्दावर अडलो होतो. 'वनमहर्षी' की 'वृक्षतपस्वी'? म्हणालो, "वारा बघून पेटव."

फोन ठेवला आणि 'वृक्षतपस्वी'वर शिक्कामोर्तब केलं.

मामांना झाडं आवडतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. रोपं आपण ओळीने लावतो आणि फांदी कापून फोटो काढतो, ती झाडं. असंच आमच्या मनात असावं. झुडपाला आम्ही झाड समजलोच नव्हतो. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून, हसून, वाक्प्रचार करून वापरून, आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय करतोय.

कार्यक्रमाच्या दिवशी मामांना जीपने आणलं. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा आणि हातात तांब्या. मी पुढं झालो. "मामा, तांब्या इकडं द्या. फोटोत बरं दिसत नाही." त्यांनी दिला. मी तो मंडपात खुर्चीखाली सरकवला. मग ते वळले आणि त्यांनी उतार पाहिला.

सगळा काळा. त्या काळ्यावर पांढऱ्या फक्कीने आखलेल्या ओळी, ओळीत खड्डे, खड्ड्याशेजारी प्लास्टिकच्या पिशव्यांत गुलमोहर आणि अशोकाची रोपं. पाहुण्यांच्या पांढऱ्या विजारींना काजळी लागत होती आणि ते पाय झटकत होते. मेव्हणा म्हणाला, "बाबा, कसं झालं? एकदम साफ." मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील. ते व्यासपीठावर जाऊन दाखवलेल्या खुर्चीत बसले.

मी मानपत्र वाचलं. ज्यांनी उभी हयात वृक्षांच्या सावलीत वेचली, वगैरे. शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्या झाल्या. अध्यक्ष पर्यावरणावर बोलायला उठले. आणि मला व्यासपीठावरून दिसलं की मंडपापासून थोड्या अंतरावर एका पळसाच्या खुंटातून धुराची बारीक रेघ वर चढतेय.

मामांनाही दिसली. त्यांनी खुर्चीच्या बाजूला हात घातला. तांब्या नव्हता. ते उठले, शाल-नारळासकट खाली उतरले आणि धोतर काजळीत लोळवत त्या खुंटापाशी गेले. दगडावर नारळ आपटला आणि त्याचं पाणी खुंटात ओतलं. चर्र झालं. ते पुरेना, तेव्हा त्यांनी खांद्यावरची शाल काढली, खुंटावर टाकली आणि दोन्ही हातांनी दाबून धरून ओणवे बसून राहिले.

अध्यक्ष बोलायचे थांबले. लोक माना वळवून बघू लागले. मेव्हणा मला खुणेने म्हणाला, काहीतरी कर. आणि मी केलं. मी माइक घेतला आणि माझ्या त्या खणखणीत आवाजात म्हणालो, "आणि आता सत्कारमूर्तींच्या हस्ते श्रीफळ वाढवून वृक्षारोपणाचा शुभारंभ होत आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला धावला.

आयुष्यात मी बरंच काही बोललोय, त्यातलं बहुतेक विसरण्याजोगं. हे वाक्य मात्र वर्गात शिकवताना, जेवताना, दाढी करताना मधूनच कानाशी येतं, माझ्याच आवाजात, माइकमधून आल्यासारखं. आणि टाळ्या ऐकून मामांनी त्या धुरातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं, तेही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते ओळखीने बघत होते. आपल्याच गावचा कोणी भेटावा, तसं.

आठवड्याने पाऊस लागला. राख आणि माती खाली गेली. झिरा पुन्हा भरला, पाण्याने नाही. रोपं पहिल्या उघडिपीतच मान टाकून मोकळी झाली. मामा एकटेच जाऊन बघून आल्याचं कळलं आणि मी नांदेड गाठलं. अख्ख्या प्रवासात मी शिव्यांची तयारी करत होतो. कुठल्या शिवीला काय उत्तर द्यायचं, कुठे गप्प बसायचं, कुठे पाया पडायचं. पत्र्याचं दार लोटलं, खणखणाट झाला. मामा पलंगावर बसले होते, पायाच्या नखांत अजून गाळ.

"मामा, चुकलं आमचं."

"बसा."

"मीच म्हणालो होतो पेटव म्हणून. तुम्ही काहीतरी बोला मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. देऊ शकले असते. इतकी वर्षं ज्याच्यासाठी वणवण केली ते दुसऱ्याला देणं त्यांच्या हातात होतं. मग आतल्या सुनेला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, जावईबापू आलेत. चहा ठेव."

चहा आला. मी प्यायलो. तसा कडू चहा मी आजवर प्यायलो नाही, आणि साखर त्यात भरपूर होती.

मामा त्यानंतर दोन संक्रांती होते. दोन्ही वेळा झिरा कोरडा. ते गेले तेव्हा तांब्या माझ्या बायकोने मागून घेतला.

आता मी जातो. संक्रांतीला शाळेला सुट्टी असते, अडचण येत नाही. यंदा गेलो तेव्हा उतारावर करवंदीच्या जाळ्या पुन्हा गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या, पण गोल डाग आता दुप्पट आहेत. मामांचे आणि आमचे. आमचे जरा जास्त लाल दिसतात. म्हातारी आता नाही. तिची सून झिऱ्याच्या कोरड्या दगडांवर शेळ्या घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं की तो मंडप, ते जाळणं, ते सगळं आमचं होतं.

"मालूम हाय की सर," ती म्हणाली. "मंडप लई झाक व्हता. चहा घेता न?"

परतीच्या एसटीत मेव्हण्याचा फोन आला. तो नगरसेवक झाला नाही. हल्ली फारसा बोलतही नाही. घरातल्या भिंतीवर 'श्रीफळ वाढवताना'चा तो फोटो त्याने लावला होता, तो आता तिथं नाही, एवढं मी पाहिलंय. म्हणाला, "दाजी, आवाज येतोय बसचा. कुठं गेल्ते?"

"गावाकडं. झिऱ्यावर."

मग विचारलं, "काय म्हनले?"

"काही नाही. चहा दिला."



"तुमालाबी?" तो म्हणाला.